धंदा माझा होता, रस्ता सगळ्यांचा

कुंदा,

तुझ्या बेसण्याला आपल्या गल्लीत स्कूटर लावायला जागा उरली नव्हती. तुझ्या शिवणक्लासच्या मुली आल्या होत्या. जुन्या, नव्या, काही तर आता स्वतःच्या मुलींना घेऊन. आपल्या सोसायटीचे प्रमुख हसमुखभाई भर उन्हात उभे राहून एकेकीला जागा दाखवत होते. "अहीं मूको बेन, मारा झांपा आगळ मूको." ज्या झांप्यासमोर, म्हणजे त्यांच्या फाटकासमोर, तुझ्या मुलींची एक गाडी दिसली तरी हे गृहस्थ तुझ्या दाराची कडी वाजवायचे, तिथेच आज ते आपण होऊन गाड्या लावून घेत होते. मी तुला कोपराने ढोसून दाखवायला वळले. शेजारी तुझी लेक मेघना बसली होती.

भिंतीपाशी तुझा फोटो होता. मेघनाने कुठून तरी शोधून काढलेला, फोटो काढणाऱ्यावर तू रागावलेली दिसतेस असा. पांढरी चादर, पांढरी फुलं, पांढऱ्या साड्या. लोक येत होते, हात जोडत होते, थोडा वेळ खाली मान घालून बसत होते आणि उठत होते. माणूस गेल्यावर असं बेसणं ठेवायची ही गुजराती रीत आपण कधी उचलली, आठवतही नाही. जाता जाता प्रत्येकजण मला तुझ्याबद्दल काही ना काही चांगलं सांगून जात होता. एकीने सांगितलं, मावशींनी शिकवलेल्या ब्लाउजांवर माझं घर चालतं. एक म्हणाली, सासरी कोणाशी बोलता येत नव्हतं तेव्हा मी मावशींकडे येऊन नुसती बसायची. मी मान हलवत होते. मला मात्र कोणाला काही सांगता येत नव्हतं, कारण माझ्या डोक्यात आपलं भांडण चाललं होतं. ते अर्धंच राहिलंय.

मी साताऱ्याहून लग्न होऊन मांजलपूरला आले तेव्हा या टेनामेंटांना, म्हणजे जोडघरांना, नवा रंग लागत होता आणि पलीकडे शेतं होती. आपल्या दोघींच्या घरांत एकच भिंत. माझे यजमान रिफायनरीत, तुझे वसंतराव कारखान्यात. तू नागरवाड्यात वाढलेली, तुझे आजोबा संस्थानाच्या फौजेत होते, त्यामुळे बडोदं तुझ्या तीन पिढ्यांचं आणि गुजराती तुझ्या जिभेवर. मला 'केम छो'च्या पुढे काही येत नव्हतं. पहिल्यांदा तू मला खंडेराव मार्केटला घेऊन गेलीस तो दिवस आठवतो? भाजीवाली ओरडत होती, "चोळी लो, ताजी चोळी." मी तुझ्या कानाशी लागून विचारलं, इथे भाजीबाजारात चोळ्याही विकतात का?  मला ओढत त्या बाईपुढे नेलंस आणि चवळीच्या शेंगांची एक जुडी माझ्या दंडाला लावून म्हणालीस, "बघ, होते का मापाला." घरी येईपर्यंत रिक्षात तू हसत होतीस, आणि पुढे शिवणकामात पडल्यावर तुझी हीच चेष्टा कायमची होऊन बसली. माझा प्रत्येक ब्लाउज देताना तू विचारायचीस, भाजी करणार की घालणार?

वसंतराव गेले तेव्हा मेघना दुसरीत होती. कारखाना खाजगी, त्यामुळे नवऱ्याच्या जागी बायकोला नोकरी वगैरे काही नव्हतं. सासूबाई अंथरुणावर. तुझे भाऊ नागरवाड्यातून आले, म्हणाले, चल आमच्याकडे. तू त्यांना चहा दिलास आणि म्हणालीस, "मी इथेच राहीन. मला शिवता येतं." ते गेल्यावर मी विचारलं, "खरंच येतं?" तू म्हणालीस, "थोडं येतं. बाकीचं येईल."

आधी फॉल-पिको, मग ब्लाउज, मग एक मुलगी शिकायला आली, तिने मैत्रिणीला आणलं. पुढच्या खोलीत मशीनं वाढत गेली. मेघनाच्या अक्षरातली पाटी फाटकावर लागली, गुजरातीत: कुंदाबेन शिवणक्लास. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. दुपारी घरी येऊन आडवी झाले की भिंतीतून मशीनचा आवाज यायचा. सगळ्या मुलींचा मिळून एक गलका असायचा आणि त्यात तुझं मशीन वेगळं ओळखू यायचं. तू चिडलेली असलीस की सरळ लांब टीप मारायचीस, मध्ये न थांबता. मग मी संध्याकाळी येऊन विचारायचे, कोणावर राग होता दुपारी? तुला कळायचं नाही मला कसं कळतं ते. मी कधी सांगितलंही नाही.

कोपऱ्यावरची दोन टेनामेंटं विकली गेली तेव्हा आपल्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दोन्ही घरची मुलं परदेशी, आईबाप एकटे, विकणार नाहीत तर काय. मग कळलं, घेणारा बिल्डर एकच आहे. मग वर्तमानपत्रात ती जाहिरात आली: आपल्या गल्लीसकट आजूबाजूचा पट्टा रहिवासी विभागातून काढून व्यापारी करण्याचा प्रस्ताव आहे, ज्यांना हरकत असेल त्यांनी कळवावं. हसमुखभाईंनी ती मला वाचून दाखवली, कारण सोसायटीची मंत्री, म्हणजे सेक्रेटरी, मी. तू मला मंत्रीबाई म्हणून चिडवायचीस. काम कारकुनाचं आणि नाव मंत्र्याचं.

हसमुखभाईंच्या ओसरीवर मीटिंग झाली. बिल्डरचं म्हणणं काय, तर तळमजल्यावर दुकानं, वर हॉटेल, आणि गाड्यांची ये-जा आपल्या गल्लीतून. काहींना ते हवंही होतं. जागेचे भाव वाढतील, विकून मोकळे होऊ. तू शेवटी बोललीस. म्हणालीस, "होऊ देत की दुकानं. मला बटणांसाठी मंगळ बाजारात जावं लागणार नाही." लोक हसले. मला राग आला होता तुझा. घरी येताना मी म्हटलं, कुंदा, तुला याचं गांभीर्य नाही. तू म्हणालीस, "विजू, मी स्वतः घरात दुकान घालून बसले आहे. मी कोणत्या तोंडाने दुसऱ्याच्या दुकानाला ना म्हणू?"

ते बोलणं मी तेव्हा कानाआड केलं. पण पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथेच होती.

तुझं मन बदललं ते ज्योत्स्नाबेनमुळे. हसमुखभाईंच्या या बायकोची नजर काचबिंदूने गेली त्याला बरीच वर्षं झाली. बाहेर जाणं बंद झालं, देवळात जाणं बंद झालं. राहिली ती एक गल्ली. रोज संध्याकाळी त्या एकट्या निघायच्या, उजव्या हाताने एकेक फाटक चाचपत टोकापर्यंत जायच्या आणि दुसऱ्या बाजूने परत यायच्या. कोणी हात धरलेला त्यांना खपत नसे. त्या दिवशी कोपऱ्यावरची घरं पाडायला सुरुवात झाली होती. मलबा उचलायला आलेला ट्रक मागे घेत ड्रायव्हर गल्लीत शिरला. हॉर्न, धूळ, आणि मध्ये ज्योत्स्नाबेन, कुठल्या बाजूला जावं ते न कळून दोन्ही हात पुढे करून उभ्या. तू सुईत दोरा ओवत होतीस, तशीच धावलीस. त्यांना घरी पोचवून आलीस तेव्हा दोरा तुझ्या दातांतच होता. तो काढून म्हणालीस, "विजू, ती हरकत लिहायची होती ना? आण, सही करते."

मग तू अशी कामाला लागलीस की मंत्रीबाई मी की तू, असा प्रश्न पडावा. घरोघर गेलीस. जे विकायला तयार होते त्यांच्याकडेही गेलीस. त्यांना रस्ता, पार्किंग, आवाज यांतलं काही सांगितलं नाहीस. म्हणालीस, "संध्याकाळी जरा बाहेर येऊन उभे राहा आणि ज्योत्स्नाबेनना चालताना बघा. मग ठरवा." एक सोडून सगळ्यांनी सह्या केल्या.

पहिल्या सुनावणीला आपण दोन रिक्षा करून गेलो. कचेरीतली ती लांब खोली, वर पंखे, टेबलामागे सुनावणी घेणारे साहेब, आणि बिल्डरचा वकील, तरुण, नीटनेटका. आपली बाजू मी मांडली. शाळेत तीस-पस्तीस मुलांपुढे बोलण्याची सवय होती म्हणून बरं. मग तो उठला आणि त्याने साहेबांपुढे फोटो ठेवले. तुझ्या फाटकावरची पाटी. तुझ्या फाटकाबाहेर रांगेने लावलेल्या स्कूट्या. पिशव्या घेऊन आत जाणाऱ्या मुली. तो गुजरातीत शांतपणे म्हणाला, साहेब, ही मंडळी सांगतात की ही गल्ली निव्वळ राहण्याची आहे. इथे तर वर्षानुवर्षं धंदा चालू आहे, आणि हरकतीवर या धंदेवाल्या बाईंचीही सही आहे.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "आ क्लास कोनो छे?"

तू उभी राहिलीस. "मारो छे, साहेब."

त्यांनी पुढची तारीख दिली. परत येताना आपण एकाच रिक्षात होतो. मला तुझ्याकडे बघवत नव्हतं. तू बाहेर बघत होतीस आणि साडीच्या पदराच्या कडेवरून बोट फिरवत होतीस, जणू टीप कुठे उसवली आहे ते शोधत होतीस.

त्या आठवड्यात गल्लीत कुजबुज सुरू झाली. पाटी काढली तर? थोडे दिवस मुलींना येऊ नका म्हटलं तर? तोंडावर कोणी बोललं नाही. सगळ्यांच्या घरातले ब्लाउज तुझ्या हातचे. मी मात्र भेटेल त्याला सांगत होते, घरात चार मुलींना शिवण शिकवणं आणि हॉटेल उघडणं एक नव्हे, आपण चांगला वकील बघू, कायद्यात याला जागा असणारच. मग एका सकाळी हसमुखभाई तुझ्याकडे आले. मी तिथेच होते. बसले, चहा घेतला, पाऊसपाण्याचं बोलले. रिकामी कपबशी हातातच धरून राहिले. तू म्हणालीस, "बोलशो नहीं, हसमुखभाई. हुं समजी गई." बोलू नका, मला कळलं. त्यांनी हात जोडले आणि चप्पल पायात नीट न घालताच गेले.

मग आपलं भांडण झालं. तू जमिनीवर बसून एक अस्तर बेतत होतीस, मी दारात उभी होते.

"तू क्लास बंद करणार नाहीस," मी म्हटलं.

"करणार आहे. या मुलींचे ब्लाउज पुरे झाले की."

"कायद्याने करायची गरज नाही. मी विचारून आले आहे."

"कायदा तुझा असेल विजू, पण नाव माझं घेतात तिथे. दर तारखेला माझी पाटी दाखवतील. माझ्या पाटीवरून तुमचं सगळं बुडायला नको."

"आणि तू जगायचं कशावर?"

"मेघना कमावते आता."

"तुला मुलीचा पैसा नको होता. तूच म्हणायचीस."

तुझी कात्री थांबली. "नको होता," तू म्हणालीस. "अजून नकोच आहे."

मी म्हटलं, मग कोणासाठी करतेस हे? ज्या माणसाने गाड्यांवरून तुला वर्षानुवर्षं टोचलं त्याच्यासाठी? तू म्हणालीस, त्याच्यासाठी कोण करतंय. आणि हे त्याच्या बायकोला कळता कामा नये, तुला माझी शपथ आहे. मी म्हटलं, कोणी तुझ्याकडे मागितलं नाही, तर तू का देतेस? तू कात्री पुन्हा चालवायला लागलीस. म्हणालीस, "मागायला लागू नये म्हणूनच देते." मी दार आपटून गेले. दोन दिवस आपण बोललो नाही. इतक्या वर्षांत तेवढंच.

ज्या मुलींकडे मशीन नव्हतं त्यांना तू मशीनं देऊन टाकलीस. बाकीच्यांना तरसालीतल्या एका बाईंकडे लावून दिलंस, स्वतः बरोबर जाऊन. स्वतःचं मशीन झाकण लावून आतल्या खोलीत नेलंस. पाटी काढायला मात्र तुला जमेना, स्क्रू गंजले होते. माझे यजमान पान्हा-पकड घेऊन आले, त्यांनी काढली.

दुसऱ्या सुनावणीत वकील म्हणाला, हे तात्पुरतं आहे साहेब, निकाल लागला की बाई पुन्हा सुरू करतील. साहेबांनी तुला विचारलं, क्लास का बंद केला? कोणी सांगितलं म्हणून? तू पुढे गेलीस. तुला भाषण करता येत नव्हतं. तू म्हणालीस, "कोईए नथी कह्युं, साहेब. धंधो मारो हतो, रस्तो बधानो छे." आणि वकिलाकडे वळून म्हणालीस, "फरी नहीं करुं." पुन्हा करणार नाही. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. काय ते आपल्याला माहीत नाही. 

निकाल आपल्या बाजूने लागला. कोपऱ्यावरच्या जागेला मोठ्या रस्त्याकडून परवानगी, तोंडही तिकडेच, आणि आपली गल्ली राहण्याचीच राहिली. हसमुखभाईंकडे सेव-उसळ झाली, लोकांनी एकमेकांना जिलेबी भरवली. तूही खाल्लीस. मग पाठीला रग लागली म्हणून लवकर उठलीस.

मी दुसऱ्या दिवसापासून तुझ्या मागे लागले. आता सुरू कर. कोण विचारतंय? तू म्हणालीस, साहेबांना सांगितलंय. मी म्हटलं, त्या साहेबांची बदलीही झाली. तू म्हणालीस, "त्यांची झाली. माझी कुठे झाली?"

दर महिन्या-दोन महिन्यांनी मी तोच विषय काढायची आणि तू काहीतरी बोलून तो उडवून लावायचीस. मला वाटायचं, तुला त्याचं काही वाटत नाही. मग एकदा दुपारी मी काही मागायला आले तर तू पुढच्या रिकाम्या खोलीत खुर्ची टाकून बसली होतीस. टीव्ही नाही, पुस्तक नाही. मला बघून म्हणालीस, "फरशीवर मशीनच्या पायांचे डाग राहिलेत बघ. कशाने जातात गं?" मी म्हटलं, लिंबाने जातात. लिंबूही आणून दिलं. ते डाग अजून तसेच आहेत.

आणि ज्योत्स्नाबेन. क्लास बंद झाल्याच्या त्या पहिल्या दिवसांतली गोष्ट. आपण दोघी तुझ्या पायरीवर बसलो होतो. त्या रोजच्यासारख्या फाटकं चाचपत आल्या, तुझ्या, कोपऱ्याआधीच्या शेवटच्या, फाटकाला हात लावला आणि न वळता पुढेच गेल्या, थेट कोपऱ्यावर पाडलेल्या घरांच्या खड्ड्याकडे. तू अनवाणी पळालीस. हात धरून मागे आणलंस तेव्हा त्या गोंधळून गेल्या होत्या. म्हणाल्या, "संचो केम बंद छे, कुंदाबेन? मने एम के तमारुं घर हजी आव्युं ज नथी." शिवणयंत्राला त्या संचो म्हणतात; तो बंद, म्हणून त्यांना वाटलं, तुझं घर अजून आलंच नाही. त्याच्या आवाजावर त्या तुझं घर ओळखायच्या आणि तिथून वळायच्या, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक होतं? ज्या बाईला निर्धास्त चालता यावं म्हणून तू मशीन थांबवलंस, तिची वाटेची खूणच ते मशीन होतं. तू माझ्याकडे बघितलंस, डोळ्यांनीच गप्प बस म्हणालीस, आणि त्यांना सांगितलंस, "बगडी गयो छे." बिघडलंय. दुसऱ्या दिवसापासून तू संध्याकाळी त्यांच्या बरोबर चालायला लागलीस. हात धरायची नाहीस. शेजारून, काहीबाही बोलत.

मला वाटलं होतं, बरं झालं, कुंदाला संध्याकाळचं एक काम झालं. तुला धाप लागते हे त्या चालण्यातच पहिल्यांदा ज्योत्स्नाबेनच्या लक्षात आलं. डोळे असलेल्या मला नाही. त्या मला म्हणाल्या, बोलता बोलता यांचं वाक्य तुटतं, डॉक्टरला दाखवा. तू टाळत राहिलीस. दाखवलं तोवर हृदय बरंच थकलं होतं.

दवाखान्यात मी रोज यायची. मनात दोन गोष्टी घेऊन यायची. एक, तू तेव्हा चुकलीस, एवढं देण्याइतकी आम्ही मोठी माणसं नव्हतो. आणि दुसरी, तू दिलंस म्हणून आम्ही सुखाने राहतो आहोत. दोन्ही एकदम कसं बोलावं ते कळायचं नाही, म्हणून मी कांद्याचे भाव सांगत बसायची. तू तेही नीट ऐकायचीस. शेवटी शेवटी ऑक्सिजनची नळी जरा बाजूला करून म्हणालीस, "पाचव्या फाटकाशी फरशी उचकटली आहे. हसमुखभाईंना सांग, करून घ्या." मी हो म्हटलं. त्यानंतर तू फार बोलली नाहीस. फरशी बसवली आहे.

बेसणं संपलं, लोक पांगले, तेव्हा ज्योत्स्नाबेन माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "विजयाबेन, संचो बगड्यो न्होतो ने?" मशीन बिघडलं नव्हतं ना. तुझी शपथ मला आठवत होती. पण तू गेल्यावर शपथेचं काय करायचं हे तू सांगितलं नव्हतंस, आणि त्या बाईशी खोटं बोलणं मला जमलं नाही. मी सगळं सांगितलं.  मग म्हणाल्या, "मने पूछ्युं होत तो हुं ना पाडत." मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. मी म्हटलं, म्हणूनच तिने विचारलं नाही. त्या रडल्या नाहीत. तुझ्या रिकाम्या खोलीत उठून गेल्या, भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या.

मेघनालाही ठाऊक नव्हतं, कुंदा. तिला तू सांगितलं होतंस की डोळे थकले, दोरा ओवता येत नाही. रात्रीचं जेवण माझ्याकडे होतं, तेव्हा मी तिला सांगितलं. ती घास हातात धरून बसली.

"आणि तुम्ही बंद करू दिलंत, काकू?"

"भांडले."

"मग?"

"तुझ्या आईशी भांडून कोण जिंकलंय?"

ती हसायला गेली, आणि घास तिने परत ताटात ठेवला. मग म्हणाली, "माझे पैसे घेताना ती दर वेळी म्हणायची, या महिन्यात पाठवू नकोस, अजून शिल्लक आहेत. मला वाटायचं, आई कंजूष झाली आहे." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे लिहायला बसले. मेघना परत जायच्या आधी माझ्याकडे किल्ली द्यायला आली. तिने सांगितलं, घराला दोन गिऱ्हाइकं आहेत. एक नवराबायको, दोघं नोकरीवाले, लहान मूल, त्यांना राहायला हवं आहे. दुसरे एक डॉक्टर, त्यांना तळमजल्यावर दवाखाना काढायचा आहे, वरती राहतील असं म्हणतात. डॉक्टर बरेच जास्त देतात. तिच्यावर तिच्या घराचा हप्ता आहे, लहान मूल आहे, नवऱ्याची नोकरी धड नाही. म्हणाली, "काकू, आई काय म्हणाली असती?"

कुंदा, चाळीसएक वर्षं मी तुझ्या शेजारी काढली. तू कशाला काय म्हणशील ते मला तू बोलायच्या आधी कळायचं. या प्रश्नाला तू काय म्हणाली असतीस ते मला खरंच माहीत नाही. एकदा वाटतं, तू म्हणशील, रस्ता सगळ्यांचा आहे, कमी घे पण राहणाऱ्यांना दे. एकदा वाटतं, पोरीच्या डोक्यावर कर्ज बघून तू म्हणशील, जाऊ दे गल्ली. मी मेघनाला म्हटलं, मला विचार करू दे, फोनवर सांगते.

गल्लीत बातमी पसरली आहे. हसमुखभाई काल आले होते. चहा घेतला, बसले. त्यांना बोलायचं होतं, मुलीला समजवा म्हणून. मी त्यांना बोलू दिलं, तुझ्यासारखं मधेच थांबवलं नाही. पण बोलून झाल्यावर म्हटलं, या घराकडून आपण एकदा घेतलंय, हसमुखभाई. पुन्हा मागायचा आपल्याला हक्क नाही. त्यांनी मान खाली घातली. उठताना म्हणाले, "साची वात छे." खरं आहे.

उद्या मेघनाचा फोन येईल. मी तिला सांगणार आहे, तुला परवडेल तसं कर. गल्लीचं ओझं घेऊ नकोस, तुझ्या आईने ते पुरेसं उचललं. डॉक्टरांना दिलंस तर आम्ही हरकत घेऊ, ती आमची आम्ही लढू, तुझ्यावर राग न धरता. हे तुला पटलं नसतं, मला माहीत आहे. तू म्हणाली असतीस, विजू, असं कसं सांगतेस पोरीला. मी माझं म्हणणं सोडलं नसतं, तू तुझं सोडलं नसतंस, आणि दोन दिवस आपण बोललो नसतो.

आता उलट बोलायला कोणी नाही, म्हणून माझंच खरं होणार. असं जिंकायचं नव्हतं गं मला.

तुझी,
विजू